रुजू होण्याची तारीख आणि बिऱ्हाड

गोव्यातल्या ग्रामसभांत आणि वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांत एक वाद गेली काही वर्षे ठरलेल्या वळणाने चालतो. एक पक्ष म्हणतो, की बाहेरून येणाऱ्या लोंढ्याने घरभाडी गगनाला भिडवली, गोंयकाराला स्वतःच्या गावात खोली मिळेनाशी झाली, तेव्हा परक्यांना घरे भाड्याने देण्यावरच लगाम घातला पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, की घर ज्याचे त्याची मर्जी, भाडे किती ते बाजार ठरवील, आणि ज्याला परवडत नाही त्याने आणखी लांब राहायला जावे. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात; पण दोघांच्याही नजरेसमोर जो येणारा माणूस असतो तो एकटा, प्रौढ आणि खांद्यावर एक बॅग टाकून आलेला असतो. त्याच्यामागून गाद्या, गॅसची शेगडी आणि तीन वर्षांचे मूल घेऊन टेम्पोतून जे बिऱ्हाड उतरते, त्याचा विचार या वादात कोणी करताना दिसत नाही.

माझ्या मते कोण आले आणि का आले हे विचारत बसल्याने हा वाद कधीच सुटणार नाही. नोकरीपायी गाव बदललेल्या कुटुंबाची नव्या ठिकाणी घडी बसेपर्यंत जो खर्च होतो, पैशांचा, वेळेचा आणि पुष्कळदा एका माणसाच्या अख्ख्या पगाराचा, तो कोणी सोसायचा, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. आज तो सगळाच्या सगळा ते कुटुंब सोसते, आणि कुटुंबात बहुतेक वेळा आई सोसते. त्या कुटुंबाच्या श्रमांचा लाभ ज्या मालकाला, ज्या औद्योगिक वसाहतीला आणि ज्या राज्याला होतो, त्यांच्यापैकी कोणाच्याही वहीत हा खर्च मांडलेला नसतो. तो वाटून घेतला पाहिजे, आणि तसे करण्यात येणाऱ्यापेक्षा गोव्याचे हित अधिक आहे, असे मी म्हणतो.

ही घडी का बसत नाही, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. नियुक्तीपत्रात रुजू होण्याची तारीख असते, बहुधा येत्या महिन्याची पहिली. कुडाळहून फोंडा परिसरातल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका म्हणून आलेल्या ओळखीच्या एका मुलीबरोबर मी खोल्या पाहत हिंडलो. कुर्टीत दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट तिला आवडला, भाडेही आवाक्यातले होते. मालकीणबाई सज्जन होत्या, त्यांनी पाणी दिले, खिडक्या उघडून दाखवल्या, आणि मग विचारले, "भुरगें ल्हान मगो? मागीर दिसभर ताका कोण पळयता?" (मूल लहान ना? मग दिवसभर त्याच्याकडे कोण पाहणार?) पाळणाघर शोधतो आहोत, हे उत्तर त्यांना पटेना, आई ड्यूटीवर गेली आणि मूल रडू लागले तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दार कोणाचे ठोठवायचे, ही त्यांची शंका रास्तच होती. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी आधी घराचा पत्ता मागितला आणि ड्यूटीच्या वेळा विचारल्या, कारण साडेपाचनंतर त्या एकही मूल ठेवून घेत नाहीत. ड्यूटीच्या वेळा रुग्णालय सांगेना. रोस्टर रुजू झाल्यावरच लागतो. आणि रुजू व्हायचे तर रात्री पाठ टेकायला घर हवे. तिघांपैकी एकाचेही वागणे गैर म्हणता येत नाही, तरी तिघांनी मिळून त्या मुलीभोवती जे कोंडाळे केले त्यातून बाहेर पडायची वाट एकच उरली. ती एकटी आली, दोन परिचारिकांबरोबर एका खोलीत राहिली, आणि मूल कुडाळला सासूपाशी राहिले.

आता या गोष्टीतली मुलगी सिंधुदुर्गातली होती, म्हणून एखादा म्हणेल, की भायल्यांची, म्हणजे बाहेरच्यांची, अडचण आम्ही का वाहायची? त्याने काणकोणकडे पाहावे. पैंगीण-लोलयेच्या बाजूचे एखादे जोडपे घ्या. नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीने काम करतो आणि बायकोला पणजीत कार्यालयात जागा मिळते. काणकोणहून पणजी सुमारे ७० किलोमीटर. रोजची ये-जा दोघांना आणि मुलाला झेपणारी नसते, म्हणून ते मडगावच्या किंवा नुव्याच्या बाजूला भाड्याचे घर पाहू लागतात. त्यांच्या पाकिटात पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला असतो, मतदार यादीत आजोबांपासून नाव असते, आणि तरीही घरमालक, पाळणाघर आणि कंपनी त्यांना तेच विचारतात जे कुडाळच्या मुलीला विचारले गेले. सत्तरीतून डिचोलीला, पेडण्यातून पर्वरीला, सांग्यातून कुडचड्याला जाणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. गोंयकार आणि भायलो अशी रेघ ओढली, की हे सगळे लोक रेघेच्या कोणत्या बाजूला मोजायचे?

पहिल्या पक्षाचे सर्वांत वजनदार म्हणणे मात्र असे उडवून लावता येणार नाही. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. एवढ्याशा भूमीवर डोंगर कापले जातात, भातशेतीत भराव पडतात, उन्हाळ्यात नळ कोरडे पडून टँकरची वाट पाहावी लागते. गावाची बोली, गावाची ओळख, मतदारांचा तोल बदलेल, ही भीती गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या आठवणी घरात ऐकत वाढलेल्या समाजाला वाटणे स्वाभाविक आहे. तिला नुसता द्वेष म्हणून झटकणे हा दुसऱ्या पक्षाचा आळस आहे. पण भाडे वाढण्याचे कारण शोधताना बोट कोणाकडे दाखवायचे, याबाबत पहिला पक्षही तितकाच आळशी आहे. त्याच २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण पाचांपैकी एका घराची नोंद रिकामे अशी झाली होती. घरे कमी पडतात म्हणणाऱ्या राज्यात एवढी कुलपे कशाची? काही वारसांच्या वादात अडकलेली, काही परदेशी गेलेल्यांची, आणि काही अशांची, जे वर्षातून पंधरा दिवस सुटीला येतात. किनारपट्टीवर आणखी एक प्रकार आहे, जो बार्देशात घर शोधलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. मालक जूनमध्ये हसतमुखाने घर देतो, आणि बोलता बोलता सांगतो, की ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की खाली करून द्यावे लागेल. महिन्याच्या भाड्याने जे मिळते ते आठवड्याच्या पाहुण्याकडून सुटत असेल, तर मालकाने दुसरे काय करावे? पण त्या चार महिन्यांत मुलाने शाळेत नाव घातलेले असते, शेजारच्या मुलांशी त्याची गट्टी जमलेली असते, आणि पहिले सत्र संपायच्या आत बिऱ्हाड पुन्हा पाठीवर येते. या व्यवहारात कारकुनाने, परिचारिकेने किंवा तंत्रज्ञाने भाडे वाढवलेले नाही. त्याच घरासाठी रात्रीच्या हिशेबाने मोजणाऱ्यासमोर ती माणसे आधीच हरलेली आहेत.

शिवाय दार बंद केल्याने येणारे थांबतात का? कारखान्याला हात लागतात, हॉटेलला लागतात, बांधकामाला लागतात, आणि मालक ते कुठून ना कुठून आणतोच. कुटुंबाला जागा मिळाली नाही, की येतात ते सुटे पुरुष, आणि एका खोलीत सहा-सहा जण राहतात. भाड्याच्या खोल्यांतली गर्दी, रात्रीचा गोंधळ, उघड्यावरचा कचरा, ज्यांना गावाशी देणेघेणे नाही असे लोक, ही जी गाऱ्हाणी ग्रामसभेत मांडली जातात ती बहुतांशी या सुट्या पुरुषांच्या वस्तीची असतात. गाव ज्याला नावे ठेवतो, त्याची पैदास गावाच्याच आडमुठेपणातून होते, हे कोणी तरी स्पष्ट सांगायला हवे. ज्याचे मूल गावच्या शाळेत जाते तो पालकसभेला येतो, चवथीला शेजाऱ्याकडे जातो, नळाला पाणी आले नाही तर पंचायतीत तक्रार घेऊन जातो. सहा महिन्यांत निघून जाणाऱ्या पाहुण्याला यातले काही करण्याचे कारण नसते.

घरमालकाच्या भीतीला मात्र इतिहास आहे, आणि तो गोव्याचा स्वतःचा आहे. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आला, १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला. भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला कोणी उठवू नये आणि त्याला आपले घर विकत घेता यावे, ही तरतूद न्यायाचीच होती. पण भाडेकरू एकदा बसला की उठत नाही, असा जो समज त्या काळात मालकवर्गात रुजला, तो आज एका खोलीच्या मालकापर्यंत झिरपलेला आहे. तो मालक भाटकार नव्हे. बहुधा बोटीवर किंवा आखातात कष्ट करून त्याने दोन खोल्या वर चढवलेल्या असतात. त्यात आपल्या वारसा कायद्याप्रमाणे घराचे हक्क सगळ्या वारसांत विभागलेले, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेली नाही, एक भाऊ लिस्बनला आणि बहीण लंडनला, तेव्हा भाडेकरार करायचा कोणी? म्हणून एक तर कुलूप, नाही तर अकरा महिन्यांचा करार. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने अकरा महिन्यांची ही पळवाट देशभर रूढ झाली. तिच्यात मालकाची सोय पाहिली आहे. शाळेचे वर्ष मात्र तिच्यात बसत नाही. मालकाची भीती खरी मानूनच तिच्यावर उपाय करता येतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि मुदत संपूनही न उठणाऱ्या भाडेकरूला पहिले दोन महिने दुप्पट व त्यापुढे चौपट भाडे भरावे लागते. मालकाला घर परत मिळण्याची खात्री आणि भाडेकरूला मुदतीची खात्री, अशी ती देवाणघेवाण आहे. गोव्याच्या विधानसभेने याच धर्तीवर, गोव्याच्या वारसाहक्काची गुंतागुंत ध्यानात घेऊन, दोन-तीन वर्षांच्या निवासी कराराची स्वस्त आणि सुटसुटीत नोंदणी देऊ केली, तर कित्येक कुलपे आपोआप उघडतील. निदान एखाद्या ग्रामसभेने तरी बंदीऐवजी असा ठराव करून पाहावा.

इथे वडीलधाऱ्यांचा आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो. ते म्हणतात, आम्हीही गाव सोडून गेलो, आम्हाला कोणी पाळणाघर दिले नव्हते, आमचे काही अडले का? गोव्याहून मुंबईला गेलेल्यांचा इतिहास फार जवळचा आहे. धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात गोव्याच्या गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडाच्या जागा, होत्या. तारवटी (खलाशी), आचारी, वाजंत्री, आया अशी कामे शोधायला गेलेला माणूस बोरीबंदरावर उतरला, की आपल्या गावच्या कुडीत पत्र्याची पेटी ठेवायला आणि रात्री अंग टाकायला हक्काची जागा होती. भाडे नाममात्र होते, प्रार्थनेची जागा होती, आणि कोणत्या बोटीवर भरती चालली आहे ती बातमी तिथेच मिळे. हिंदू गोमंतकीय गिरगावच्या चाळींत नातेवाइकांकडे उतरत. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनसारख्या संस्था त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. म्हणजे वडीलधारे म्हणतात तसे त्यांना कोणी काही दिले नव्हते, हे अर्धेच खरे आहे. गावाने शहरात आधी जागा करून ठेवली होती. आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. कूड एकट्या माणसासाठी होती. तारवट्याची बायको गोव्यात राहिली, मनीऑर्डरवर घर चालवले, मुले एकटीने वाढवली, सासूसासऱ्यांची दुखणीखुपणी काढली, आणि नवरा दोन-तीन वर्षांनी एकदा दिसला. आमचे काही अडले नाही, हे वाक्य त्या घरातला पुरुष म्हणू शकतो. तिला कोणी विचारले होते का? कुडाळच्या त्या मुलीच्या घरात फरक एवढाच, की आता बाई बाहेरगावी आहे आणि मूल मागे राहिले आहे. फाटाफूट तीच आहे.

स्थलांतराला गोव्यात काही नवखे मानण्याचे कारण तर मुळीच नाही. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आज ज्या वेर्ण्यात कोण बाहेरचा यावरून शब्दाला शब्द लागतो, तिथून देवीलाच एकदा बिऱ्हाड हलवावे लागले होते. तो पोर्तुगीजांच्या जुलमाचा काळ होता आणि नोकरीच्या निवडीशी त्याची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. पण अंत्रुजाने, म्हणजे फोंडा महालाने, त्या वेळी दार लावून घेतले असते, तर फोंड्याच्या आजच्या वैभवाचे काय झाले असते?

मग आजी-आजोबांना का आणत नाही, असे सहज सुचवले जाते. ज्या घरात हे जमते तिथे याहून चांगले काही नाही, हे मान्य. परंतु माणूस गाव सोडतो तेव्हा आजी-आजोबा गावात राहतात, म्हणून तर प्रश्न उद्भवतो. मार्च ते मे काजूचा हंगाम; बागेत रोज बी वेचायला माणूस लागतो आणि गोठ्यात म्हैस असली तर ती काही पुण्याच्या, मडगावच्या नोकरीसाठी थांबत नाही. सत्तर वर्षांच्या आजीला मडगावच्या तिसऱ्या मजल्यावर आणून दार बंद करून मूल तिच्या हवाली करायचे, लिफ्ट बंद, शेजारी अनोळखी, हे तिच्यावर प्रेम करणे आहे की तिचे म्हातारपण फुकट कामाला लावणे आहे? आणि पाच माणसांना वन बीएचके पुरत नाही, म्हणजे भाडे पुन्हा वाढले.

सरकारला यातले काही कळत नाही असे नाही. १९७९ हे साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी रुजू कालावधीचे नियम केले. बदली झालेल्या माणसाला नव्या गावी सामान हलवायला, घर लावायला वेळ लागतो हे गृहीत धरून १,००० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी १० दिवस दिले, लांबच्या अंतरासाठी त्याहून अधिक, आणि हा काळ कामावरच धरला. त्याच वर्षी आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदाही झाला. कंत्राटदाराने परराज्यातून आणलेल्या मजुराला मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जे अधिक असेल तेवढा विस्थापन भत्ता द्यावा, प्रवासखर्च द्यावा, राहायला जागा द्यावी, असे त्यात लिहिलेले होते. मजुराला त्यातले किती मिळाले हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण शिडीच्या वरच्या पायरीवरचा अधिकारी आणि तळाचा मजूर, या दोघांसाठी राज्यव्यवस्थेने मान्य केले होते, की गाव बदलणे हे फुकट होत नाही. मधल्या पायऱ्यांवरची परिचारिका, औषध कारखान्यातला तंत्रज्ञ, खासगी शाळेतली शिक्षिका, हॉटेलातली स्वागतिका, यांच्यासाठी मात्र कोणताही नियम नाही, फक्त रुजू होण्याची तारीख आहे. गोव्यात सरकारी नोकरीच्या वेडाची टिंगल करण्याची एक फॅशन आहे. त्या नोकरीत पगाराखेरीज काय मिळते ते तरी पाहा: रुजू कालावधी, निवासस्थान मिळण्याची शक्यता, केंद्रीय सेवेत स्त्रीला मुलांच्या संगोपनासाठी एकूण ७३० दिवसांपर्यंत रजा, आणि घरी पोहोचण्याची ठरलेली वेळ. लोक वेडे नाहीत. ते हिशेबी आहेत.

खासगी मालक म्हणेल, की हे सगळे आमच्या डोक्यावर लादलेत तर आम्ही बायकांना नोकरीच देणार नाही. हा दम पोकळ नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणेने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती केली. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) कक्षेत न येणाऱ्यांच्या रजेचा सगळा भार तिने एकट्या मालकावर टाकला. लहान उद्योजकाला ते जड जाते आणि मुलाखतीच्या टेबलावर त्याचा परिणाम दिसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाळणाघराच्या बाबतीत कायद्याने पळवाट नव्हे तर चांगली वाट ठेवली आहे: ते सामाईकही असू शकते. वेर्णा, कुंडई, तुये, पिसुर्ले या वसाहतींत एकेका कारखान्यात माणसे थोडी असतील, पन्नासाच्या आतही असतील. वसाहत मिळून धरली तर ती हजारो होतात. औद्योगिक विकास महामंडळ तिथे रस्ते करते, नळ देते, भूखंड वाटते. मग वसाहतीच्या फाटकाजवळचा एक भूखंड पाळणाघराला का नको? प्रत्येक कारखान्याने डोईमागे वर्गणी द्यावी, पुरुष कामगाराच्या डोईमागेही द्यावी, म्हणजे बाईला नोकरी देणे महाग पडते हा बहाणाच उरणार नाही. शेवटचा मुद्दा मी मुद्दाम सांगतो, कारण १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची गणना स्त्री कामगारांच्या संख्येवर होती, ३० हून अधिक स्त्रिया असतील तरच. आणि ३१ वी बाई न घेणे हा त्यावरचा सोपा तोडगा होता. मुलाला बाप नसतो असे मानणारा कायदा बाईच्या नोकरीला कधीच तारत नाही.

पाळणाघर म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर तान्हे मूल येते. गोव्यात त्याहून मोठ्या मुलाचा प्रश्न बिकट आहे. आपल्या शाळा सकाळच्या. दुपारी एक-दीडला सुटतात. बालरथ, म्हणजे शाळेची बस, मुलाला वाड्याच्या तिठ्यावर आणून सोडतो, आणि आईची पाळी संपते साडेपाचला. दुपारी दुकाने बंद, बाजार ओस, घरोघरी जेवून आडवे होण्याची वेळ: दुपारी घरात कोणी तरी असतेच या गृहीतावर सगळ्या राज्याचा दिनक्रम रचलेला आहे. ज्यांचे घर पिढीजात, त्यांच्याकडे ते कोणी तरी असते, निदान काकी-मावशी असते. नव्याने आलेल्या बिऱ्हाडात सहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात किल्ली असते. अंगणवाडीचीही गोष्ट तीच; १९७५ मध्ये सुरू झालेली ती आज सगळ्या मुलांसाठी आहे, पंधरा वर्षांचा दाखला कोणी मागत नाही, पण तीही दुपारपर्यंतच. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. इमारत आहे, ताई आहे, स्वयंपाक आहे. वाढवायचे आहेत ते तास आणि ताईंचा मोबदला. मोबदल्याचे विसरून नुसते तास वाढवण्याची आपली सवय मात्र इथे चालणार नाही.

"हा तिचा निर्णय आहे," असे शेवटी म्हटले जाते. तिला मूल सांभाळायचे आहे म्हणून तिने नोकरी सोडली. काही जणी मनापासून सोडतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. परंतु २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे भरला आणि पुरुषांचा ९७. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ तर पुरुष शेकडा २६. हे गाव न बदलता, रोजच्या घडीत. त्यावर नवे घर, नवे गॅस कनेक्शन, नवी शाळा, डॉक्टर कुठे आणि दूधवाला कोण हे सगळे चढले, की दोन पगारांपैकी एक गळतो, आणि जो कमी असतो तोच गळतो. बाईचा पगार कमी का, तर मागच्या बदलीत तिने तीन वर्षे सोडली होती. ज्या निर्णयाची दुसरी बाजू कधीच खुली नव्हती, त्याला निवड म्हणण्याचा दांभिकपणा आपण किती दिवस करणार?

पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न उरतो, आणि तो पंचायतीच्या घरपट्टीशी येऊन थांबतो. राहत्या भाडेकरूला दोन-तीन वर्षांच्या नोंदणीकृत करारावर दिलेले घर, रात्रीच्या हिशेबाने चालणारे घर आणि वर्षभर कुलपात असलेले घर, यांच्यात आज घरपट्टीच्या पावतीवर म्हणावा तसा फरक नाही. पर्यटकांना भाड्याने दिलेली घरे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदवायची असतात, म्हणजे ती कोणती हे शोधायला नवे खाते उघडण्याची गरज नाही. पहिल्या प्रकारच्या घराला सवलत द्यावी, उरलेल्या दोहोंवर जादा आकारणी करावी, आणि ती रक्कम त्याच पंचायतीतल्या अंगणवाडीच्या दुपारच्या तासांसाठी राखून ठेवावी. यात काही सुटीच्या घरांचे मालक नाराज होतील आणि वजन वापरून आकारणी टाळूही पाहतील. पण पुढच्या ग्रामसभेत "भायल्यांना खोल्या देऊ नका" असा ठराव मांडण्याऐवजी हा मांडला, तर त्याला हात वर करणाऱ्यांत काणकोणहून आलेले ते जोडपेही असेल, आणि ज्यांच्या लग्न झालेल्या मुलाला गावात खोली मिळत नाही ते म्हातारे आईबापही असतील.